शंभर नंबरी थेंबाची लाज

मी एक जुना थेंब आहे. करंगळीच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या कुपीत, अगदी तळाशी, डोळे बारीक करून पाहिलंत तरच दिसेन. कुपीवर बारीक अक्षरात माझं लांबलचक नाव आहे आणि त्याच्या पुढे लिहिलंय, 'मानवी'. मित्रांनो, मला पहिली लाज वाटते ती याच शब्दाची, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मानवी म्हणजे माणसाचा. आणि मी? मी माणूस कधी आतून पाहिलेलाच नाही! माझा जन्म झाला जंतूंच्या पोटात. हसू नका. माणसाच्या शरीरात मला घडवायची जी कृती असते, तिची शास्त्रज्ञांनी नक्कल केली आणि ती साध्या जंतूंच्या हवाली केली. काचेच्या मोठ्या चंबूत, कोमट सुपासारख्या पाण्यात ते जंतू गदागदा हलत राहिले आणि आपली कामं बाजूला ठेवून मला घडवत राहिले. त्यांना माझा काडीचा उपयोग नव्हता. काम झाल्यावर त्यांना फोडून मला बाहेर काढलं. आभार मानायला गेलो तर कुणी शिल्लकच नव्हतं.

त्या सगळ्या चिखलातून मला ओळखायचं कसं? त्यासाठी घडवतानाच माझ्या टोकाला एक छोटं शेपूट लावून ठेवलं होतं. त्या शेपटाला धरून मला वेगळं काढलं, धुतलं, गाळलं, तपासलं. माणसाला शेपूट नसतं हे शेंबडं पोरही सांगेल. मला आहे, अजूनही आहे. पुढे 'मानवी' अशी पाटी आणि मागे शेपूट, अशा थाटात स्वारी जगात आली.

आता माझं काम सांगतो. मी विकर आहे. विकर म्हणजे शरीरातला कामगार. तोंडातला घास चावत राहिलात की गोड लागायला लागतो, ते लाळेतल्या विकराचं काम, हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. माझं काम त्याहून साधं आहे, पण त्याच्यावाचून सगळं अडतं. शरीरात रोज ढिगानं प्रथिनं तयार होतात. त्यातल्या पुष्कळांच्या अंगावर साखरेच्या माळा चढवाव्या लागतात. माळ असली की प्रथिन ठरल्या जागी पोचतं, टिकतं, नीट काम करतं. माळ नसली की ते पत्ता न लिहिलेल्या पाकिटासारखं भटकत राहतं. त्या माळेत ओवायची एक साखर माझ्याकडे येते. तिच्या एका टोकाला खुंटी असते. ती खुंटी काढायची आणि दुसऱ्या टोकाला बसवायची, एवढंच माझं काम. पुढच्या कामगारांना ती तिथेच लागते. ती तिथे नसली तर ते हात चोळत बसतात.

काही मुलांच्या शरीरात हे विकर जन्मापासूनच थोडं वाकडं घडलेलं असतं. ते काम करतं, पण रडतखडत. मग माळा अपुऱ्या पडतात. अशा मुलांचा तोल जातो, डोळे तिरळे होतात, कितीही भरवलं तरी अंगाला लागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं, मूल हट्टी आहे, आळशी आहे, नाहीतर आईनं लाडावून ठेवलंय.

असं मूल ओळखण्यासाठी एका प्रयोगशाळेनं मला मागवून घेतलं. एका दवाखान्याच्या मागच्या बाजूला लांबट खोली होती, तीच ही प्रयोगशाळा. एका भिंतीला ओटे, दुसऱ्या भिंतीला फ्रीजर, आणि मधल्या भिंतीत एक सरकती खिडकी. खिडकीपलीकडे लोक बाकावर बसून आपल्या नावाची वाट बघायचे. तिथलं बोलणं आत स्वच्छ ऐकू यायचं.

आत तिघं जणं. एक ताई, म्हणजे तपासणी करणारी. तिला सगळेच ताई म्हणायचे, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. दुसरा तिचा जोडीदार, त्याचं तोंड कधी मिटायचं नाही म्हणून त्याचं नाव पडलं होतं बडबड्या. आणि तिसरे या सगळ्यांचे सर. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, पाऊल कधी घाईचं पडायचं नाही, त्यामुळे त्यांच्या पाठीमागे त्यांना थंडोबा म्हणत. माणूस वाईट नव्हता. आपल्या माणसांचे हाल त्यांना बघवत नसत, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं, पण ते ओघानं येईलच.

मला आणलं त्या दिवशी काय माझा थाट! ताईनं कुपी दिव्यासमोर धरली आणि म्हणाली, "हा आपला शंभर."

"म्हणजे?" बडबड्यानं विचारलं.

"म्हणजे याचं काम शंभर धरायचं. मुलाच्या रक्तातलं विकर याच्या मानानं किती काम करतं ते बघायचं. नव्वद आलं, ऐंशी आलं, तर मूल ठीक. दहा-पंधरा आलं, तर आजार सापडला."

"आणि आपण दर वेळी कुणातरी धडधाकट माणसाचं रक्त काढून तुलनेला शेजारी लावायचो, ते?"

सर मागून म्हणाले, "ते आता बंद करू. शंभराचा थेंब घरात असताना लोकांना उगीच कशाला सुया टोचायच्या?"

सगळ्यांना पटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं. मी फुगलो. माझ्याशी ताडून लोकांच्या पोरांचं बरंवाईट ठरणार होतं! सुरुवातीला मी कामही तसंच चोख केलं. ताटलीतल्या छोट्या खाचेत मला सोडलं, वर साखर सोडली, की मी भराभर खुंट्या बदलत सुटायचो. जितकं काम जास्त, तितका यंत्राच्या दिव्याखाली तो द्रव उजळायचा. माझी खाच लखलखायची. काही मुलांचे आजार माझ्यामुळे सापडले. ताई म्हणायची, "शंभर नंबरी आहे हो हा." कुणी कौतुक केलं की आम्ही लगेच हरभऱ्याच्या झाडावर!

त्या वेळी आमचं घर म्हणजे एक जुनाट फ्रीजर होता. त्याच्या भिंतींवर बर्फ साचायचा, साचता साचता दार लागेनासं व्हायचं. मग ताई सगळ्या कुप्या बर्फाच्या पेटीत हलवायची आणि लाकडी पट्टीनं तो बर्फ खरवडत बसायची. तिची बोटं लालभडक व्हायची. सरांना ते बघवेना. एक दिवस त्यांनी नवा फ्रीजर आणवला. उंच, पांढराशुभ्र, दारावर लुकलुकणारे आकडे.

"याच्यात बर्फ साचतच नाही," सर म्हणाले. त्यांच्या थंड आवाजातसुद्धा आनंद होता. "स्वतःच वितळवून टाकतो."

"सर, तुम्ही देवमाणूस आहात," ताई म्हणाली. बडबड्यानं तर फ्रीजरला हात जोडले.

मित्रांनो, कुणाचाही हेतू वाईट नव्हता. फ्रीजर बर्फ वितळवतो म्हणजे नेमकं काय करतो, हा प्रश्न तेवढा कुणाला पडला नाही. तो अधूनमधून आपल्या भिंती गरम करतो. पाणी सुटतं, वाहून जातं, मग पुन्हा गारठा. घरात खायचे पदार्थ ठेवायला असा फ्रीजर छानच. पण आमचा जीव केवढा! आमच्या अंगाची एक घडी असते. घडी नीट असेल तरच साखर आमच्यात नेमकी बसते. मी भिंतीला टेकून होतो. भिंत गरम झाली की मी अर्धा वितळायचो, गार झाली की पुन्हा गोठायचो. वितळ, गोठ, वितळ, गोठ. दर खेपेला घडी थोडी विसकटायची. कुठे एक चुणी, कुठे एक सुरकुती. ओरडणार कुणाला? बघता बघता माझ्यातला बहुतेक सगळा भाग निव्वळ गोळा होऊन बसला. कुपीवरचं नाव मात्र तसंच होतं, आणि त्या खोलीत मी शंभर होतो तो होतोच.

अशात पिटू आली.

पिटू हे घरातलं नाव. पाच वर्षांची पोर, पण अंगानं तीन वर्षांची वाटावी इतकी पिटुकली. तिची आई एका शिंप्याच्या दुकानात कपडे बेतायचं काम करायची. रक्त काढताना पिटू रडली नाही, फक्त आईच्या ओढणीचं टोक तोंडात धरून बसली. सोबत तिची आत्या होती, कडक आवाजाची.

"चालताना मुद्दाम पडते," आत्या खिडकीतून ताईला सांगत होती. "घरी कुणी बघत नसेल तेव्हा बरोबर चालत असेल. मी सांगते ना, नाटकं आहेत."

"वन्सं, तसं नाही हो," आई हळूच म्हणाली. "ती पडते तेव्हा घाबरते. मुद्दाम पडणारं मूल घाबरत नाही."

"तुझ्या लाडांनीच झालंय हे. हात सोड तिचा, बघ कशी चालते ते."

ताई म्हणाली, "रक्त तपासू. कळेल."

म्हणजे बघा, त्या घरातलं भांडण माझ्यावर येऊन ठेपलं होतं. तपासणीत आजार निघाला, तर पिटूला व्यायाम शिकवणारे, भरवायची पद्धत दाखवणारे, पडली तर काय जपायचं ते सांगणारे लोक मिळणार होते. हा आजार मुळापासून बरा होत नाही, पण नाव कळलं की निदान पोरीला कुणी खोटारडी म्हणत नाही. आजार नाही निघाला, तर आत्या खरी आणि आई वेडी.

ताटलीत मला एका खाचेत सोडलं आणि शेजारच्या खाचेत पिटूच्या रक्तातलं विकर. मध्ये प्लास्टिकची पातळ भिंत. मित्रांनो, ती माझी जातभाईण होती, पण अस्सल. माणसाच्या शरीरात जन्मलेली, माणसाच्या उबेत वाढलेली, मागे शेपूटबिपूट नसलेली. फक्त जन्मापासून जराशी वाकडी. साखर आली तशी ती कामाला लागली. एक खुंटी काढायची, धापा टाकायची, मग बसवायची. पुन्हा दुसरी. थांबत नव्हती.

भिंतीपलीकडून ती मला म्हणाली, "तुम्ही शंभर ना? मला जरा वेळ लागतो. माझ्यासाठी खोळंबू नका, तुम्ही व्हा पुढे."

मी काय पुढे होणार? माझ्यातला जेमतेम एक कोपरा शाबूत होता, तो कसाबसा हलत होता. बाकी सगळा मी मढ्यासारखा पडून. साखर यायची, माझ्या अंगावर आपटायची आणि निघून जायची. ती बिचारी मला मान देऊन बोलत होती आणि मी जेमतेम तिच्याइतकाच हलत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला उत्तर द्यायचंही धाडस झालं नाही.

दोन्ही खाचा सारख्याच मिणमिणल्या. ताईनं कपाळाला आठ्या घातल्या. "आज उजेड कमी वाटतोय."

"यंत्रातला दिवा जुना झालाय," बडबड्या म्हणाला. "बदलायला सांगितलंय मी."

"हां, तेच असेल," ताई म्हणाली. माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या स्वप्नातही आलं नाही. यंत्रानं मला शंभर धरलं आणि पिटूला दिले ब्याण्णव.

निकाल सांगायला सर स्वतः खिडकीशी आले. मी ओट्यावर बर्फात उभा होतो, सगळं ऐकत होतो.

"विकराचं काम ठीक आहे," सर म्हणाले. "हा आजार दिसत नाही."

आईच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. कुठल्या आईला येणार नाही? मग ते हसू तिथेच अडकलं. "मग ती पडते कशानं हो?"

"ते आम्हाला इथून नाही सांगता येणार. पण रक्तात तसं काही नाही."

"झालं समाधान?" आत्या म्हणाली. "मी ओरडून सांगत होते, ऐकतंय कोण! आता मात्र हात सोडायचा. मोठी झालीय ती."

आईनं कागदाकडे बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. मग पिटूला म्हणाली, "चल बाळा. आता आपलं आपण चालायचं." आणि तिनं हात सोडला.

पिटू भिंतीला हात लावत, एक एक पाय चाचपडत दारापर्यंत गेली. मागे वळून बघितलं. आई आली नाही. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि तिनं मला पोटात घ्यावं. चूक माझी होती का? नव्हती. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं. पण लाज काही हिशेब विचारून येत नाही. तिच्या रक्तातली ती वाकडी, दमलेली, राबणारी बाई मी डोळ्यांनी पाहिली होती. तिला शाबासकी मिळायला हवी होती आणि मदतही. माझ्या नावामुळे दोन्ही गेलं.

त्यानंतरही मी शंभर म्हणूनच मिरवत राहिलो. आणखी नमुने आले, आणखी निकाल गेले. ताई मला उचलायची ते किती हलक्या हातानं! तिच्या त्या हलक्या हाताची मला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

मग एक दिवस शाळेतली मुलं प्रयोगशाळा बघायला आली. तुमच्याएवढीच, तुमच्यासारखीच चुळबुळी. त्यांना दाखवायला काहीतरी हवं म्हणून ताईनं बडबड्याची बाही वर केली.

"माझंच का?" तो ओरडला.

"कारण तुझ्यात रक्त जास्त आहे. बोलण्यात आटून सुद्धा उरतंय."

मुलं खिदळली. रक्ताची तयारी झाली, ताटली लागली, मी माझ्या जागी, बडबड्याचं विकर शेजारी. आणि काय सांगू! त्याची खाच अशी लखलखली की मुलं "ओहो!" करून ओरडली. त्याच्याशेजारी मी म्हणजे विझायला आलेली पणती. यंत्रावर आकडा उमटला, साडेसातशे.

"साडेसातशे!" बडबड्यानं छाती फुगवली. "मी सांगत होतोच. मी साधासुधा माणूस नाही. बाळांनो, सह्या हव्यात का?"

मुलं टाळ्या पिटायला लागली. ताईपण हसत होती. हसता हसता तिची नजर माझ्या खाचेवर गेली, आणि हसू मावळलं. ती यंत्राजवळ वाकली. पुन्हा मोजलं. आकडा तोच.

"ज्या गृहस्थाला दुसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागते," ती हळू आवाजात म्हणाली, "त्याचं विकर माणसाच्या साडेसातपट?"

"अगं, असतात काही लोक..."

"नसतात." ताई म्हणाली. "तू साडेसातशे नाहीस रे. तू शंभर आहेस. हा शंभर नाहीये."

मुलांना बाहेरच्या बाकावर खाऊ देऊन बसवलं. ताईनं फ्रीजर उघडला आणि तळहात आतल्या भिंतीवर टेकवला. भिंत ओली होती. तिनं हात बाहेर काढून त्यावरचं पाणी बघितलं आणि सरांना बोलावून घेतलं.

सर आले. तिनं एका दमात सगळं सांगितलं. सरांनी ओल्या भिंतीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा फ्रीजर मी आणला."

"आम्हीही हात जोडले होते त्याला," ताई म्हणाली. "सर, फ्रीजर आल्यापासूनचे सगळे निकाल..."

"आधी खात्री करू. दुसरीकडून थेंब मागवू. मग बघू."

"खात्री करूच. पण ती शिंप्याकडची आई आहे ना, तिला आजच फोन करायला हवा. तिनं माझ्यासमोर पोरीचा हात सोडलाय."

"काय सांगायचं फोनवर? आमचं शंभरच खोटं होतं म्हणून?"

"हो. तेच."

मला वाटलं, हा थंडोबा आता काहीतरी थंडपणे समजावणार आणि विषय संपणार. पण त्यांनी फोन उचलला, नंबर लावला आणि अडखळत बोलायला लागले. "मी... दवाखान्यातून बोलतोय. तुमच्या मुलीचा निकाल... आमची चूक झाली असण्याची शक्यता आहे. नाही, तुमची नाही. आमची. कृपा करून तिला परत घेऊन या. आणि तोपर्यंत तिला एकटीला चालवू नका." फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग दुसरा नंबर लावला. ज्यांचे ज्यांचे निकाल चुकले असतील त्या सगळ्यांना त्यांनी स्वतः फोन केले.

माझाच एक भाऊ, त्याच चंबूतला, दुसऱ्या एका प्रयोगशाळेत होता. तिथे अजून जुनाट फ्रीजर होता, बर्फ खरवडावा लागणारा. तो धडधाकट निघाला. शिवाय ताई, सर, बडबड्या, तिघांनी आपापलं रक्त दिलं. आता सगळे शंभराच्या आसपास आले, अगदी बडबड्यासुद्धा. पिटूचं नव्यानं काढलेलं रक्त तपासलं, ते आलं बारा.

निकाल ऐकायला ती आली तेव्हा तिचा पुढचा एक दात अर्धा तुटला होता. शाळेच्या पायरीवरून पडली होती. आई होती, आत्याही होती, पण या वेळी आत्याचं तोंड एवढंसं झालं होतं. पिटू तिच्याच कडेवर होती.

सरांनी त्यांना आत बसवलं आणि सगळं समजावलं. फ्रीजर, थेंब, बारा, सगळं. आई मन लावून ऐकत होती.

"आमच्या दुकानात एकदा मापाची टेप धुण्यात गेली," ती म्हणाली. "ती आटली आणि आठवडाभर सगळ्यांच्या कंबरा वाढल्या. तसंच ना?"

"अगदी तसंच," सर म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

"आम्ही निदान कपडे उसवून परत शिवले." तिनं पिटूकडे बघितलं. "म्हणजे पिटू नाटकं करत नव्हती."

"नाही. ती होईल तेवढं सगळं करत होती."

"तुम्ही चुकलात ते तर आहेच," आई म्हणाली, आणि आता तिचे डोळे भरून आले. "पण मी आई आहे हो तिची. माझ्या डोळ्यांसमोर तिचे पाय लटपटत होते. मला दिसत होतं. तरी मी कागदाकडे बघितलं आणि तिचा हात सोडला."

आत्यानं पिटूला बाकावर ठेवलं, खाली बसली आणि तिच्या बुटाचा सुटलेला पट्टा लावायला लागली. पट्टा लागला तरी ती उठली नाही. "सारखं नाटकं नाटकं म्हणाले गं मी तुला," ती त्या बुटाकडे बघत म्हणाली.

पिटूला या सगळ्याचा कंटाळा आला असावा. तिनं सावकाश, एक एक शब्द ओढत विचारलं, "तो थेंब... कुठे आहे?"

ताई मला टाकून देणार होती, पण अजून टाकलं नव्हतं. ओट्याच्या कोपऱ्यात मी नुसताच पडून होतो. तिनं मला आणून पिटूसमोर धरलं. "हा बघ. हा आजारी होता. आम्हाला कळलंच नाही."

मित्रांनो, त्या क्षणी कुपीला झाकण होतं म्हणून, नाहीतर मी तोंड लपवून पळून गेलो असतो. वाटलं, आता ही मला फेकून देईल, आणि द्यावंच. पिटूनं हात पुढे केला. तो हात थरथरत होता, पहिल्या वेळी चुकला, दुसऱ्या वेळी तिनं मला पकडलं.

"गार आहे," ती म्हणाली. आणि मूठ मिटली. "मी ऊब देते."

आमच्यासारख्यांना कुणी कधी हातात धरत नाही. हाताच्या उबेनं आम्ही खराब होऊ म्हणून बर्फातूनच उचलतात. माझं आता खराब व्हायचं काही राहिलं नव्हतं, म्हणून ताईनं अडवलं नाही. माणसाच्या अंगाची ऊब! मी त्याच उबेत काम करायला बनलेलो होतो, आणि ती मला मिळाली तेव्हा माझा काही उपयोग उरला नव्हता. प्लास्टिकच्या आणि कातडीच्या पलीकडे, अगदी केसभर अंतरावर, तिच्यातल्या त्या वाकड्या बायका राबत होत्या. एक खुंटी काढत होत्या, दम घेत होत्या, बसवत होत्या. त्या दिवशी ताटलीत मला जे बोलता आलं नाही ते मी आता बोललो. म्हणालो, "माझ्यासाठी खोळंबू नका. तुम्ही व्हा पुढे."

आता मी ताईच्या टेबलावर असतो. फ्रीजर पुन्हा बर्फ साचणाराच आणलाय आणि तो खरवडायला तिघं मिळून बसतात. शंभराचा थेंब आला तरी धडधाकट माणसाचं रक्त शेजारी लावल्याशिवाय ताई ताटली हलवत नाही. नवं कुणी कामाला आलं की ती मला दाखवते. पिटू व्यायामाला येते तेव्हा खिडकीतून डोकावते. चालताना अजून पडते, पडेलच. पण आता तिला उचलायला आत्या सगळ्यात आधी धावते.

मला मात्र अजून मान वर करून बघवत नाही. म्हणून खाली बघतच तुमच्याकडे एक मागणं मागतो. आमच्यासारख्या नाजूक गोष्टी सांभाळा. ज्याच्याशी ताडून तुम्ही दुसऱ्याला कमी-जास्त ठरवता, त्याला आधी विचारा, बाबा रे, तू ठीक आहेस ना? आणि कुणी म्हणालं, मला चालवत नाही, तर कागदाच्या आधी त्याच्या पायांकडे बघा. खरं काय ते कळायला कधी कधी वेळ लागतो. तोवर हात सोडू नका.